रडण्यासाठी रकाना नाही : म्युरिअल स्पार्क यांचे ‘करिक्युलम व्हीटे’

नोकरीच्या अर्जाला जोडायच्या ज्या कागदाला आपण बायोडाटा म्हणतो, त्याचे लॅटिन नाव म्युरिअल स्पार्क यांनी १९९२ साली आपल्या आत्मचरित्राला दिले. त्या वेळी त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या, त्यांच्या नावावर एकोणीस कादंबऱ्या होत्या आणि स्कॉटलंडने विसाव्या शतकात दिलेल्या थोर कादंबरीकारांत त्यांची गणना होत होती. त्यामुळे या वयात बाईंना अर्ज नेमका कुठे करायचा होता, असा प्रश्न मुखपृष्ठ पाहूनच पडतो. पुस्तक वाचून संपल्यावर मला त्याचे उत्तर सापडले असे वाटते. बायोडाट्यात माणूस दाखल्याचा आधार असेल तेवढेच लिहितो आणि त्यात रडण्यासाठी रकाना नसतो. बाईंना नेमका तसाच कागद हवा होता.

माझी प्रत नवी नाही. जुन्या पुस्तकांच्या एका ऑनलाइन विक्रेत्याच्या ‘नव्यासारखी स्थिती’ या वर्णनावर भरवसा ठेवून मी ती चारशे वीस रुपयांना मागवली. हाती आली तेव्हा मुखपृष्ठाचा कोपरा दुमडलेला होता, पाने चहाच्या रंगाची झाली होती आणि शेवटच्या चाळीसेक पानांतून कसरीने एक सुबक बोगदा आरपार काढला होता. तक्रार नोंदवली, तिला उत्तर आले नाही आणि दोन दिवसांत तक्रारीचा विषयच मागे पडला, कारण तोवर मी बाईंबरोबर एडिंबऱ्यातल्या किराणा दुकानात पोहोचलो होतो. आधीच्या कुणा वाचकाने पेन्सिलीने समासात खुणा केल्या आहेत. गंमत अशी की, ज्या वाक्यांपाशी मला हसू फुटले त्यांतल्या बहुतेक वाक्यांपाशी ती पेन्सिलही थबकली आहे, त्यामुळे शेजारच्या खुर्चीत बसून कुणीतरी सोबत वाचत असल्यासारखे वाटत राहिले.

प्रस्तावना हा या पुस्तकाचा जवळजवळ कायदेशीर भाग आहे. कागदपत्रांचा किंवा प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराचा आधार नसलेले काहीही लिहायचे नाही, असा निश्चय त्या तिथे जाहीर करतात. खोट्या गोष्टी पिसवांसारख्या असतात, इकडून तिकडे उड्या मारतात आणि बुद्धीचे रक्त शोषतात, असेही तिथेच म्हटले आहे. हा आवेश हवेतून आलेला नाही. १९५० च्या दशकात त्यांच्यासोबत पुस्तके लिहिणाऱ्या आणि संपादित करणाऱ्या, एके काळी त्यांच्या निकटच्या असलेल्या डेरेक स्टॅनफर्ड यांनी १९६३ साली त्यांच्यावर एक पुस्तक लिहिले. त्यातल्या चुका पुढच्या अभ्यासकांनी भाविकपणे उतरवून घेतल्या. शिवाय बाईंची जुनी पत्रेही या गृहस्थांनी विकून टाकली. बाई मात्र १९४० च्या दशकापासून प्रत्येक चिठोरा जपून ठेवत आल्या होत्या. तो ढिगारा म्हणजे सत्याचा मूक, निःपक्ष पुरावा, वेळ पडली तर आपल्या बाजूने उभा राहणारा, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे ‘करिक्युलम व्हीटे’ वाचताना आठवणींचे पुस्तक हातात आहे की प्रतिज्ञापत्र, असा संभ्रम अधूनमधून पडतो, आणि माझ्या मते पुस्तकाची अर्धी चव त्या संभ्रमातच आहे.

मात्र सुरुवातीची प्रकरणे वाचताना प्रतिज्ञापत्राची आठवणही होत नाही. म्युरिअल सारा कॅम्बर्ग १ फेब्रुवारी १९१८ रोजी एडिंबऱ्याच्या ब्रंट्सफील्ड भागात जन्मल्या. वडील बर्नार्ड रबराच्या कारखान्यात इंजिनिअर होते आणि लिथुएनियातून आलेल्या ज्यू कुटुंबातले होते; आई सिसी लंडनजवळच्या वॉटफर्डची, म्हणजे इंग्लिश. घर भाड्याचे आणि उत्पन्न बेताचे होते. पण हा कौटुंबिक तपशील सांगण्याआधी बाई आपल्याला पाव, लोणी आणि चहा या तीन गोष्टींशी बसवतात; छोट्या छोट्या भागांची नावेच तशी आहेत. किटलीला आधी गरम पाण्याने ऊब द्यायची, माणशी एक चमचा पत्ती आणि एक चमचा किटलीच्या नावाचा, असा विधी त्या इतक्या गांभीर्याने सांगतात की जणू चर्चमधल्या प्रार्थनेचा क्रम चालला आहे. त्यात कुठेही ‘ते दिवस किती रम्य होते’ असा सूर नाही. वस्तू, तिचा वास, ती विकणाऱ्या माणसाची बोलण्याची लकब, एवढे सांगून त्या पुढच्या दुकानात जातात.

याच भागातला एक प्रसंग मी दोनदा वाचला. शाळा सुटल्यावर फाटकापाशी मुलींच्या आया उभ्या असत. एडिंबऱ्याची बाई बाजारहाट करायला निघाली की ‘मेसेजेस’ आणायला जाते असे म्हणे; तो तिथला शब्द. सिसीबाई मात्र आपल्या दक्षिणी, इंग्लिश उच्चारात ‘मला थोडे शॉपिंग करायचे आहे’ असे म्हणत, आणि शेजारी उभ्या असलेल्या छोट्या म्युरिअलला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे होऊन जाई. त्यात आईच्या कोटाला कोल्ह्याच्या कातड्याची झालर होती आणि इतर आया साध्या लोकरी कोटात होत्या. प्रसंग एवढाच आहे. त्यावर बाई भाष्य करत नाहीत. पण या एका शब्दाने घरातला इंग्लिशपणा, गावातला स्कॉटिशपणा आणि दोहोंच्या मधे उभी असलेली, कान टवकारलेली मुलगी एकदम दिसते. कुठल्या वर्गातला माणूस कुठला शब्द वापरतो यावर पुढे त्यांच्या कादंबऱ्यांतल्या पात्रांचे भवितव्य ठरते, आणि त्याचे शिक्षण या फाटकापाशी झाले होते. लहानपणी ज्याने आईला ‘जरा हळू बोल ना’ म्हणून विनवले असेल, त्याला हे अर्धे पान पुरेसे आहे.

आजीचे प्रकरणही असेच आहे. वॉटफर्डमध्ये सटरफटर मालाचे दुकान चालवणारी आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठी मोर्च्यात चाललेली ही आजी शेवटची वर्षे त्यांच्या घरी अर्धांगाने आजारी होती, आणि तिच्यासाठी म्युरिअलला आपली खोली सोडावी लागली. म्हातारपणाची सगळी दैना तिने दहा-पंधरा वर्षांच्या वयात जवळून पाहिली, तरी त्या वर्णनात दया कमी आणि कुतूहल जास्त आहे. ‘मेमेंटो मोरी’ या १९५९ च्या कादंबरीत सत्तरी-ऐंशीतल्या माणसांना फोन येतो, पलीकडून एक आवाज ‘तुला मरायचे आहे हे लक्षात ठेव’ एवढेच सांगतो आणि ती माणसे घाबरण्याऐवजी चिडतात, मृत्युपत्रे बदलतात, एकमेकांवर संशय घेतात. म्हातारपणाकडे इतक्या निर्भीडपणे पाहण्याची नजर चाळिशीच्या लेखिकेकडे कुठून आली, याचा उलगडा इथे होतो.

बहुतेक वाचक अर्थातच हे पुस्तक मिस ब्रॉडीच्या शोधात उघडतील. मीही त्यासाठीच घेतले होते. ‘द प्राइम ऑफ मिस जीन ब्रॉडी’ १९६१ साली आली, त्या वर्षीच्या ऑक्टोबरात ‘न्यूयॉर्कर’ने आपला जवळजवळ एक संपूर्ण अंक तिला दिला, १९६९ च्या चित्रपटातल्या भूमिकेसाठी मॅगी स्मिथ यांना ऑस्कर मिळाले आणि तेव्हापासून ही एडिंबऱ्याची शिक्षिका तिच्या निर्मातीपेक्षाही जास्त ओळखली जाते. तिच्यामागे जेम्स गिलेस्पी हायस्कूलमधल्या क्रिस्टिना के नावाच्या खऱ्या शिक्षिका होत्या. त्यांच्या वर्गाच्या भिंतीवर इटालियन चित्रकारांची चित्रे होती आणि शेजारीच मुसोलिनीच्या फॅसिस्टांचा फोटो होता. त्या आवडत्या विद्यार्थिनींना ‘साय’ म्हणत, म्हणजे तेच सुप्रसिद्ध ‘क्रेम द ला क्रेम’. आणि म्युरिअलला तिच्या मैत्रिणीसह स्वतःच्या पैशाने पावलोव्हाचे नृत्य पाहायला घेऊन गेल्या होत्या. तू लेखिका होणार, असे भाकीत मिस के यांनी इतक्या ठासून केले होते की आपल्याला दुसरा पर्यायच उरला नाही, असे बाई लिहितात. या वाक्यात कृतज्ञता आहे, तक्रार आहे आणि गुरूच्या हुकूमशाहीची हलकी चेष्टाही आहे. कुठली किती, हे त्या सांगत नाहीत.

तरीही मिस के म्हणजेच मिस ब्रॉडी, असे म्हणू लागलात की बाई तुम्हाला अडवतात. के धर्मनिष्ठ होत्या, विधवा आईची काळजी घेणाऱ्या होत्या, त्यांच्या आयुष्यात ब्रॉडीसारखे प्रेमात पडायला ना चित्रकलेचे मास्तर होते ना गाण्याचे. पहिल्या महायुद्धाने ज्यांच्या वाट्याचे पुरुष नेले त्या पिढीतल्या त्या होत्या, एवढेच साम्य. एका अर्थाने त्या ब्रॉडीसारख्या मुळीच नव्हत्या, दुसऱ्या अर्थाने ब्रॉडीपेक्षा कितीतरी वरच्या होत्या आणि दोघींची गाठ पडली असती तर मिस के यांनी त्या काल्पनिक बाईला तिची जागा दाखवून दिली असती, असा बाईंचा निवाडा आहे. कादंबरीकाराने आपल्याच गाजलेल्या पात्राला आपल्या शाळेतल्या बाईंकडून छड्या खाववाव्यात, ही कल्पना मला फार आवडली. समासातल्या पेन्सिलीने इथे दोन उभ्या रेघा ओढल्या आहेत.

शाळेनंतर कॉलेजची फी परवडणारी नव्हती. म्युरिअलने हेरिअट-वॉट कॉलेजात व्यापारी पत्रव्यवहार आणि सारांशलेखन यांचा अभ्यासक्रम घेतला आणि नंतर प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या एका मोठ्या दुकानात मालकांची सेक्रेटरी म्हणून काम केले. सारांशलेखन ही गोष्ट आपण परीक्षेतल्या एका प्रश्नापुरती ओळखतो, म्हणून हा तपशील डोळ्यांखालून निसटू शकतो. परंतु स्पार्क यांची जवळजवळ प्रत्येक कादंबरी दोनशे पानांच्या आत संपते, आणि पुढे अमुक मुलगी तेविसाव्या वर्षी हॉटेलच्या आगीत मरणार आहे हे ‘ब्रॉडी’मध्ये सुरुवातीच्याच पानांत, एखाद्या पत्राचा जावक क्रमांक सांगावा तसे सांगून टाकले जाते. काटकसर ही त्यांच्या विनोदाची आई आहे, आणि तिचे शिक्षण इथे, टाइपरायटरसमोर झाले.

आफ्रिकेची प्रकरणे मात्र वेगळ्या तापमानाची आहेत. १९३७ साली, एकोणिसाव्या वर्षी, त्या दक्षिण ऱ्होडेशियात गेल्या आणि आपल्याहून तेरा वर्षांनी मोठ्या असलेल्या सिडनी ऑस्वल्ड स्पार्क या शिक्षकाशी त्यांनी लग्न केले. नवऱ्याच्या नावाची आद्याक्षरे एस. ओ. एस. होतात, बुडत्या जहाजाची हाक, याची नोंद घेतल्याशिवाय अर्थातच त्या पुढे जात नाहीत. नवरा मनाने गंभीर आजारी होता, हिंसक होता, घरात पिस्तूल होते आणि ते लपवून ठेवावे लागे. १९३८ मध्ये बुलावायोत मुलगा रॉबिन झाला. एका हॉटेलात त्या उतरल्या असताना, त्यांच्यासारखीच दिसणारी त्यांच्या शाळेतली एक मुलगी त्याच हॉटेलात नवऱ्याच्या गोळीला बळी पडली. रात्री आवाज ऐकू आला होता, सकाळी कळले. आपलेच दुसरे रूप शेजारच्या खोलीत मारले जावे, हा अनुभव कुणाही लेखकाने प्रकरणभर पुरवला असता. बाई तो मोजक्या वाक्यांत उरकतात, त्यावर आपण एक कथा लिहिली हे कळवतात आणि पुढे निघतात. घटस्फोटानंतरही त्यांनी नवऱ्याचे आडनाव ठेवले, कारण कॅम्बर्ग हे नाव चांगले असले तरी जरा सपाट होते आणि स्पार्कमध्ये काही जीव होता, मजा होती. एका उद्ध्वस्त संसारातून त्यांनी तेवढी एकच वस्तू सोबत आणली, आणि तीही नावाला शोभेल म्हणून.

१९४४ साली सैनिक वाहून नेणाऱ्या जहाजातून त्या इंग्लंडला परतल्या आणि लंडनमध्ये हेलेना क्लब या मुलींच्या वसतिगृहात राहू लागल्या. ‘द गर्ल्स ऑफ स्लेंडर मीन्स’ या कादंबरीत एकच उंची पोशाख आळीपाळीने वापरणाऱ्या मुलींचे जे वसतिगृह आहे, त्याचे बीज हेच. नोकरीची कथा अशी की, रोजगार कार्यालयात गेल्या तेव्हा त्यांच्या हाती आयव्ही कॉम्प्टन-बर्नेट यांची कादंबरी होती. समोरच्या अधिकारी बाईही त्याच लेखिकेच्या चाहत्या निघाल्या, गप्पा रंगल्या आणि त्यातून परराष्ट्र खात्याच्या गुप्त विभागातले काम मिळाले. कादंबरी वाचल्याने नोकरी लागल्याचे माझ्या माहितीतले हे एकमेव उदाहरण आहे. तिथे सेफ्टन डेल्मर यांच्या हाताखाली जर्मनांसाठी खोटी रेडिओ केंद्रे चालवली जात, आणि त्यांची पद्धत होती तपशीलवार सत्यात विश्वसनीय खोटे मिसळण्याची. हे वाक्य वाचताना मी थांबलो, कारण प्रस्तावनेत पिसवांवर तुटून पडलेल्या बाई इथे खोट्याच्या कारखान्यातल्या त्या नोकरीविषयी अतिशय खुशीत बोलत आहेत. विसंगती त्यांच्या ध्यानात आली नसेल हे शक्य नाही. कादंबरी हीसुद्धा तपशीलवार सत्य आणि विश्वसनीय खोटे यांचेच मिश्रण असते, हे त्या वाचकावर सोडतात.

पुस्तकातला सर्वाधिक हशा पोएट्री सोसायटीच्या प्रकरणात आहे. १९४७ मध्ये त्या या संस्थेच्या सरचिटणीस आणि तिच्या नियतकालिकाच्या संपादक झाल्या आणि नव्या कवींना जागा देऊ लागल्या, त्याबरोबर जुन्या हौशी कवींचे मोहोळ उठले. विरोधकांत आघाडीवर होत्या मेरी स्टोप्स. मराठी वाचकाला हे नाव परके नाही. ज्या १९२१ साली र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले, त्याच वर्षी स्टोप्स यांनी लंडनमध्ये काढले. या बाईंनी तरुण संपादिकेच्या घटस्फोटाविषयी लेखी विचारणा करण्यापर्यंत मजल मारली. स्पार्क त्यांच्याविषयी लिहितात की, संततिनियमनाचा विचार यांच्याऐवजी यांच्या आईला सुचला नाही याची मला हळहळ वाटत असे. इथे पेन्सिलीने समासात केवळ एक उद्गारचिन्ह काढले आहे आणि तेही इतके दाबून की मागच्या पानावर उमटले आहे.

या वाक्याची मोडतोड करून पाहिली तर बाईंच्या विनोदाचे यंत्र कळते. त्यात शिवी नाही, विशेषण नाही, आवाज चढलेला नाही. उलट ‘हळहळ’ हा सहानुभूतीचा शब्द वापरला आहे, आणि समोरच्या व्यक्तीच्या आयुष्यभराच्या कार्याला मनापासून मान्यता देऊनच तिचा काटा काढला आहे. ‘अ फार क्राय फ्रॉम केन्सिंग्टन’ या १९८८ च्या कादंबरीतल्या मिसेस हॉकिन्स एका भिकार लेखकाला तोंडावर ‘पिसर द कोपी’ म्हणतात, म्हणजे मजकूर मुतणारा, आणि हे म्हटल्यामुळे नोकरी गेली तरी शब्द मागे घेत नाहीत. त्या लेखकात अनेकांना स्टॅनफर्ड दिसले. याच मिसेस हॉकिन्स बारीक होण्याचा उपाय सांगतात, नेहमीचेच खा पण निम्मे खा, आणि या सल्ल्याची वेगळी फी नाही, ती पुस्तकाच्या किमतीतच धरली आहे, असे बजावतात. रागाला आणि उपदेशाला सारख्याच हिशेबी सुरात बोलायला लावणे, ही खास स्पार्क यांची रीत आहे.

पुढचा भाग उपासमारीचा आहे. १९५१ साली ‘ऑब्झर्व्हर’च्या नाताळ कथास्पर्धेत हजारो कथांमधून त्यांच्या ‘द सेराफ अँड द झँबेझी’ या कथेला अडीचशे पौंडांचे पहिले बक्षीस मिळाले, पण बक्षीस कायम पुरत नाही. भूक मारण्यासाठी त्या डेक्सेड्रीनच्या गोळ्या घेऊ लागल्या आणि १९५४ मध्ये त्यांना भास होऊ लागले: टी. एस. एलिअट यांच्या लिखाणातून आपल्याला सांकेतिक निरोप येत आहेत, अक्षरे जागा बदलत आहेत. हा सगळा काळ ज्या थंडपणे सांगितला आहे, तो वाचताना आपल्यालाच घाम फुटतो. त्याच वर्षी त्यांनी कॅथलिक पंथ स्वीकारला. कादंबरीकार ग्रॅहम ग्रीन त्या दिवसांत दरमहा वीस पौंड पाठवत, आणि चेकबरोबर बऱ्याचदा लाल वाइनच्या काही बाटल्याही असत, थंड दानधर्माची धार बोथट व्हावी म्हणून. उपकारकर्त्याचा इतका नेमका गौरव मी क्वचितच वाचला आहे. वीस पौंडांबद्दलचे आभार त्यात गृहीत आहेत, बाटल्यांबद्दलचे मात्र शब्दांत आहेत.

भासांतूनच पहिली कादंबरी निघाली. ‘द कम्फर्टर्स’मधल्या नायिकेला टाइपरायटरचा आवाज ऐकू येतो आणि कुणीतरी आपले आयुष्य कादंबरी म्हणून लिहीत आहे हे तिला कळते. ती १९५७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच सुमारास ईव्हलिन वॉ यांनीही भासांवरच कादंबरी लिहिली होती, आणि या नवख्या बाईने तोच विषय आपल्यापेक्षा चांगला हाताळला आहे असे त्यांनी मोकळेपणाने छापून टाकले. इथे, यशाच्या पहिल्या पायरीवर, आत्मचरित्र संपते. दुसरा खंड लिहिण्याचा बेत होता. तो आला नाही.

माझी खरी कुरकुर या शेवटाविषयी नाही, तर रॉबिनविषयी आहे. युद्धकाळात त्या परतल्या तेव्हा मुलगा आफ्रिकेतल्या कॉन्व्हेंट शाळेत राहिला, १९४५ मध्ये तो आला आणि एडिंबऱ्यात आजी-आजोबांकडे वाढला. त्याच्या खर्चाचा हिशेब पुस्तकात आहे, त्याला आणण्यासाठीची खटपट आहे, तारखा आहेत; मुलगा मात्र नाही. तो काय बोलायचा, आईला भेटल्यावर कसा वागायचा, हे जवळजवळ कुठेच दिसत नाही. जिने शाळेच्या फाटकापाशी आपल्या आईचा एक शब्द सत्तर वर्षे जपला, तिच्याकडे मुलाचा एकही शब्द नसावा, हे खटकते. पुढे आजी ज्यू होती की नव्हती या प्रश्नावरून मायलेकांत जाहीर भांडण झाले आणि मृत्युपत्रात रॉबिनला काहीही मिळाले नाही. कागदोपत्री सिद्ध होईल तेवढेच लिहायचे, या नियमाचा तोटा इथे उघडा पडतो: जे सर्वांत जवळचे असते त्याची पावती कुणी घेत नाही. पुस्तकाच्या गुणांत मी या जागेचे गुण कापले आहेत.

१९५७ नंतरच्या आयुष्यासाठी दुसरीकडे जावे लागते. न्यूयॉर्क, मग रोम, आणि शेवटी इटलीच्या तस्कनी प्रांतातल्या ओलिव्हेतो गावातले, मैत्रीण पेनेलोपी जार्डिन यांचे जुने घर. तिथे त्या १३ एप्रिल २००६ रोजी झालेल्या मृत्यूपूर्वीची कितीतरी वर्षे राहिल्या आणि एडिंबऱ्याच्या जेम्स थिन या पुस्तकविक्रेत्याकडच्या तारेने बांधलेल्या वह्यांमध्ये पेनाने लिहीत राहिल्या. दुसऱ्याने हात लावलेले पेन त्या वापरत नसत. हा काळ अॅलन टेलर यांच्या ‘अपॉइंटमेंट इन अरेझो’त जिव्हाळ्याने आला आहे, तर मार्टिन स्टॅनर्ड यांचे २००९ चे जाडजूड चरित्र सर्व बाजू मांडते. स्टॅनर्ड यांना बाईंनी स्वतःच बोलावले होते आणि नंतर मसुदा पाहून त्या इतक्या नाराज झाल्या की पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतरच बाहेर आले. त्या चरित्राचे मोल मान्य करूनही सांगतो, त्यात माहिती भरपूर आहे. स्टोप्सबाईंवरच्या त्या वाक्यासारखे वाक्य नाही.

ज्यांनी स्पार्क यांचे काहीच वाचलेले नाही त्यांनी या पुस्तकापासून सुरुवात करू नये. आधी ‘ब्रॉडी’ वाचावी, जमल्यास ‘मेमेंटो मोरी’, आणि मग हे घ्यावे. म्हणजे पाव, लोणी आणि चहा यांच्यात काय शिजत होते ते कळते. इंग्रजी अवघड नाही, वाक्ये बहुधा छोटी आणि स्वच्छ आहेत, परंतु स्कॉटिश बोलीतले शब्द मधूनमधून अडवतात. मनोगत, पश्चात्ताप, आईपणाची घालमेल अशा अपेक्षा असतील तर पैसे वाचवा. नवी प्रत महाग वाटली तर जुनी घ्यायला हरकत नाही, फक्त विक्रेत्याकडून आतल्या पानांचे फोटो आधी मागवून घ्या. कसरीचा बोगदा माझ्या प्रतीत नेमका ग्रीन यांच्या वाइनच्या बाटल्यांच्या पानापासून सुरू होतो, आणि तिथला एक शब्द मला शेवटी ग्रंथालयातल्या प्रतीवरून लावून घ्यावा लागला.